काळीची पांढरी : लोणारच्या शंभर मीटरांचा हिशोब

लोणारला येणारे बहुतेक लोक विवराच्या काठावर उभे राहून सरोवर पाहतात आणि परत फिरतात. गावाच्या मध्यावर दैत्यसूदनाचे देऊळ आहे. ते पाहणारे त्याहून थोडे. देवळाभोवतीच्या घरांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, आणि जावे असे त्यांत काही नाहीही. मातीच्या भिंती, काही ठिकाणी टिनपत्रे, मध्येच एखादा सिमेंटचा जिना वर चढून अर्ध्यात थांबलेला. हा लेख त्या घरांविषयी आणि गावाबाहेरच्या तशाच वावरांविषयी आहे. त्यांच्या मालकांची जमीन कुणी घेतलेली नाही. सात-बारावर किंवा मिळकतपत्रिकेवर त्यांचेच नाव आहे. गेला आहे तो बांधण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत कशी काढायची, हा माझा प्रश्न आहे.

आधी जागेचा हिशोब सांगतो. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. स्मारक म्हणजे एक ठिपका आहे असे धरले तरी पहिल्या वर्तुळात पावणेआठ एकर येतात आणि दोन्ही मिळून सुमारे सत्तर एकर. प्रत्यक्षात मोजणी देवळाच्या भिंतीपासून होत नाही. ती संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून होते. म्हणजे क्षेत्र याहून मोठेच. मुंबई-पुण्याच्या वाचकाला सत्तर एकर किरकोळ वाटतील. तालुक्याच्या एका लहान गावात ते गावाचे काळीज असते. आणि लोणारला संरक्षित स्मारक एकच नाही; गावात आणि विवरात मिळून अशी अनेक देवळे व कुंडे आहेत. जिल्ह्यात रोहिणखेडची मशीद आहे, मेहकरची जुनी धर्मशाळा आहे. हिशोब सगळीकडे तोच.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तहसीलच्या आवाराबाहेर अर्जनवीस म्हणून बसून माझी उमेद सरली, आणि लोकांची कागदपत्रे वाचता वाचता जुनी कागदपत्रे वाचायची खोड लागली. त्यामुळे या विषयाकडे मी कायद्याच्या पुस्तकातून आलेलो नाही, नोंदवहीतून आलो आहे. मला जे सांगायचे आहे तेही नोंदवहीबद्दलच आहे. आपल्याकडे बांधण्याचा हक्क कधी लिहूनच ठेवलेला नाही, आणि जे लिहिलेले नाही ते गेले हे सिद्ध करता येत नाही.

आपल्या भाषेत गावाचे दोन भाग पूर्वीपासून आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीवर सारा, पांढरीवर नाही. ही वाटणी कुण्या सरकारने केलेली नाही, पण प्रत्येक सरकारने ती मानली. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६१पासून येथे मुंबई पद्धतीची मोजणी सुरू झाली. त्या पद्धतीचे बायबल म्हणजे विंगेट, गोल्डस्मिड प्रभृतींचा १८४७चा संयुक्त अहवाल. जमिनीची प्रत कशी ठरवायची हे त्यात इतक्या बारकाईने सांगितले आहे की वाचताना माणूस थक्क होतो. पावणेदोन हात खोल काळी कसदार माती असेल तर सोळा आणे. खोली पाव हाताने कमी झाली की आणे कमी. मातीत चुनखडी असेल, रेताड असेल, उतार असेल, पाणी साचत असेल, तर प्रत्येक दोषाबद्दल प्रत खाली. मातीचे असे नऊ वर्ग. मोजणीदार वावरात खड्डे खणून पाहत.

सोळा आण्यांत मावली ती काळी. पांढरी मोजली, तिच्याभोवती हद्द आखली, आणि सोडून दिली. गावठाण या शब्दाचा अर्थ सरकारी दफ्तरात एवढाच उरला की येथे सारा घ्यायचा नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. जमिनीची किंमत मातीत नसते, जागेत असते, हे त्या अधिकाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. गावांचे गट पाडताना ते बाजारपेठ किती दूर हे पाहत. सारख्याच मातीची दोन गावे, पण एक बाजाराजवळ असेल तर त्याचा दर चढा. १८७०मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला. वऱ्हाडचा कापूस आगगाडीत बसला. पुढच्या फेरआकारणीत दर वाढवायची जी कारणे अशा ठिकाणी दिली जात त्यांत रेल्वे आणि चढलेले भाव ही ठळक असत. म्हणजे शेतकऱ्याने काही न करता त्याच्या वावराजवळून रूळ गेला तर त्या जागेचे मोल सरकारला कळे, आणि ते साऱ्यात येई.

पण काळीची पांढरी होते, म्हणजे गाव वाढून वेशीबाहेर येते आणि वावरात घरे उभी राहतात, या घटनेसाठी नोंदवहीत रकाना नव्हता. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने एवढेच म्हटले की खातेदाराला शेतीसाठी लागणारी विहीर, गोठा, घर बांधता येईल; दुसऱ्या कामासाठी जमीन वापरायची तर कलेक्टरची परवानगी घ्यावी. वऱ्हाडचा स्वतःचा कायदाही त्याच वळणाचा निघाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या ४४व्या कलमात तीच परवानगी, जिला आपण सगळे ‘एनए’ म्हणतो. अकृषिक परवानगी हा शब्दच पाहा. शेती हा नियम आणि घर हा अपवाद. मालकाच्या मनात बांधण्याचा हक्क जमिनीबरोबरच आलेला असतो. दफ्तराच्या मते तो त्याच्याजवळ कधीच नव्हता. मागितल्यावर सरकार देते. परवानगी मिळाली की अकृषिक आकारणी लागते, म्हणजे तेव्हा मात्र त्या हक्काला मोल येते, मालकाने भरायचे मोल.

या संहितेत गेल्या दशकात नवी कलमे आली. त्यातले ४२-ड म्हणते की गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानावे, ठरलेली रक्कम भरून घ्यावी. ही अधिकृत कबुलीच आहे की गावालगतच्या काळीत पांढरी होण्याची शक्यता असते आणि त्या शक्यतेला किंमत असते. गंमत अशी की लोणारसारख्या गावात स्मारक खुद्द गावठाणात आहे. एक कायदा गावापासून २०० मीटर बांधकाम सोपे करतो, दुसरा कायदा देवळापासून ३०० मीटर अवघड करतो, आणि दोन्ही पट्टे एकमेकांवर पडू शकतात. दोन्ही कायदे वेगवेगळ्या कपाटांत असतात, त्यामुळे त्यांचे भांडण होत नाही. भांडण माणसाच्या वाट्याला येते.

स्मारकाभोवतीचा पट्टा आला कसा, तेही थोडक्यात सांगायला हवे. लॉर्ड कर्झनच्या काळातला १९०४चा कायदा स्मारकापुरता होता. खासगी मालकीचे स्मारक असेल तर सरकार मालकाशी करार करी. १९५८च्या कायद्याच्या १९व्या कलमाने संरक्षित क्षेत्रात मालकालाही बांधायला मनाई केली, पण ते क्षेत्र स्मारकाला चिकटून असे. भोवतालच्या १०० आणि २०० मीटरांची अधिसूचना निघाली ती १६ जून १९९२ रोजी. त्यानंतरही एका सल्लागार समितीच्या मार्फत शंभर मीटरच्या आत परवानग्या दिल्या जात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये अशा परवानग्यांना कायद्याचा आधार नाही असे ठरवले, लगेच जानेवारी २०१०मध्ये अध्यादेश निघाला आणि मार्चमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून शंभर मीटरांची मनाई थेट कायद्यात आहे. १९९२पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. पण दुरुस्तीच्या व्याख्येतून पुनर्बांधणी स्पष्टपणे वगळली आहे.

हे वाक्य दिल्लीत लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर दगडी वाडे असतील. वऱ्हाडातले जुने घर मातीचे. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते, भिंत एका बाजूने पोट काढते, आणि एखाद्या झडीत ती बसते. अशा घराची दुरुस्ती म्हणजे हळूहळू केलेली पुनर्बांधणीच. ते एकदा बसले की कायद्यानुसार तेथे पुन्हा तसेच घरही उभे करता येत नाही. मालकी मात्र शाबूत.

मग भरपाईचे काय? १९५८च्या कायद्याचे २७वे कलम फार कमी लोक वाचतात. त्यात म्हटले आहे की सरकारच्या प्रवेशामुळे, उत्खननामुळे किंवा या कायद्यातला दुसरा कोणताही अधिकार वापरल्यामुळे जमिनीच्या मालकाचे किंवा भोगवटादाराचे नुकसान झाले, अथवा जमिनीपासूनच्या नफ्यात घट झाली, तर केंद्र सरकार भरपाई देईल. वाद झाला तर भूसंपादन कायद्याच्या रीतीने रक्कम ठरवायची, असे पुढचे कलम सांगते. म्हणजे भरपाईचे दार आहे. पण त्यातून आत जाताना दोन अडसर लागतात. एक, मनाई आता कायद्यानेच केली आहे. सरकारी वकील म्हणू शकतो की येथे कुणी अधिकार ‘वापरलेला’ नाही. दुसरा अडसर अधिक खोल आहे. कलमात शब्द नफ्यातली घट असा आहे. वावरात पूर्वी ज्वारी होत होती, आजही सोयाबीन होते. नफा कुठे घटला? घटली ती उद्याची किंमत, आणि तिच्याबद्दल कलम गप्प आहे. येथे मला १८४७चा खड्डा खणणारा मोजणीदार पुन्हा दिसतो. जमीन म्हणजे पीक, हीच समजूत शंभर वर्षांनी भरपाईच्या कलमात उतरली.

याच्या शेजारी एक दुसरे दृश्य ठेवू. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजा भागातून गेला. २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाला दोनने गुणले आणि त्यावर तेवढेच दिलासा म्हणून दिले तर चौपट होते. थेट खरेदीने जमीन देणाऱ्याला त्यावर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे पाचपट मिळाले. त्या पैशाने कुणी घरे बांधली, कुणी गाड्या घेतल्या, कुणी उडवले; तो वेगळा विषय. पण त्या दिवसांत लोणारकडचा एक म्हातारा शेतकरी माझ्याकडे अर्ज लिहायला आला होता. तो म्हणाला, “भाऊ, वावर नेलं असतं त बरं झालं असतं. पैसे त भेटले असते.” ज्याची जमीन गेली त्याला पाचपट, ज्याची जमीन राहिली आणि हक्क गेला त्याला शून्य. मी त्याचा अर्ज लिहिला. त्यात मागणीच्या ठिकाणी रक्कम कोणती घालावी, हे मला सुचेना.

रक्कम सुचत नाही याचे कारण केवळ माझे अज्ञान नव्हे. हा प्रश्न जगात भल्याभल्यांना अडला आहे. इंग्लंडमध्ये १९०९च्या नगररचना कायद्याने म्हटले की योजनेमुळे ज्याची जमीन पडते त्याला भरपाई द्या, आणि ज्याची चढते त्याच्याकडून निम्मी वाढ घ्या. १९३२मध्ये हा वाटा पंचाहत्तर टक्के झाला. देणे तेवढे मागायला आले, घेणे वसूल होईना. युद्ध चालू असताना, १९४२मध्ये, अथवॉट समितीने याचे कारण सांगितले, आणि ते मला आजवर वाचलेल्या सगळ्या स्पष्टीकरणांत सरस वाटते. समिती म्हणाली की बांधकामाची किंमत ही तरंगती असते.

आपल्या गावचे उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. गावाला पुढल्या काही वर्षांत दहा एकर नव्या वस्तीची गरज आहे आणि वेशीबाहेर शंभर एकर वावरे आहेत. शेतीचा भाव एकरी दहा लाख, प्लॉट पाडले तर पन्नास. वस्ती कोणत्या दहा एकरांवर उतरेल हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून शंभरही एकरांचे मालक म्हणतात की ती माझ्याकडेच येणार होती. बांधकामाला मनाई झाली की प्रत्येकजण एकरी चाळीस लाख मागतो. एकूण चाळीस कोटी. प्रत्यक्षात गावात येणारा वाढीव पैसा होता दहा एकरांचा, चार कोटी. शंभरातला एकही माणूस खोटे बोलत नाही, तरी बेरीज दहापट खोटी येते. आणि अथवॉट समितीचे दुसरे म्हणणे असे की हे चार कोटीही नाहीसे होत नाहीत. मनाईच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही म्हणून घर पट्ट्याबाहेर बांधले जाते, आणि किंमत तिकडे सरकते. आमच्या भागात बोलायचे तर धुऱ्याच्या या बाजूचा भाऊ बसला आणि त्या बाजूचा उठला. उठलेल्याकडून काही घेण्याची सोय नसेल तर बसलेल्याला द्यायला पैसा नेहमी बाहेरूनच आणावा लागेल.

यावर इंग्लंडने १९४७मध्ये जो उपाय केला तो धाडसी होता. बांधण्याचा हक्क सगळ्याच जमिनीपासून वेगळा काढून सरकारजमा केला, आणि ज्यांचा हक्क गेला त्यांच्यासाठी एकदाच तीस कोटी पौंडांचा निधी ठेवला. १९४९पर्यंत दावे मागवले. पुढे ज्याला बांधायची परवानगी मिळेल त्याने वाढलेली सगळी किंमत आकार म्हणून भरायची. सरकार बदलले आणि १९५३-५४मध्ये ही रचना मोडीत निघाली. पण परवानगीशिवाय बांधता येत नाही हा नियम उरला, आणि ज्यांनी दावे दाखल केले होते त्यांच्याजवळ एक दिनांकित, मान्य झालेला आकडा उरला. मला या सगळ्यात मोलाची वाटते ती निधीची रक्कम नव्हे. त्यांनी एक तारीख ठरवली आणि त्या तारखेला कुणाजवळ काय होते याची नोंद केली.

अमेरिकेत रस्ता वेगळा. ओहायोतल्या युक्लिड गावाने क्षेत्रविभागणी केली तेव्हा एका कंपनीने म्हटले की आमची जमीन कारखान्यासाठी एकरी दहा हजार डॉलरची होती, घरांसाठी अडीच हजारांची उरली. सर्वोच्च न्यायालयाने १९२६मध्ये क्षेत्रविभागणी वैध ठरवली. पाऊण किंमत गेली, तरी केवळ म्हणून भरपाई नाही. पुढे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच इमारत बांधायला वारसा म्हणून परवानगी नाकारली, तो खटला १९७८मध्ये निकाली निघाला. मालक हरला, पण न्यायालयाने एका गोष्टीची दखल घेतली : न बांधता आलेले मजले आसपासच्या दुसऱ्या जागांवर हलवायची सोय मालकाला होती.

तीच सोय मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने आली. तिला आपण टीडीआर म्हणतो. आरक्षणाची जागा सोडा, त्या बदल्यात कागद घ्या, तो कागद दुसरीकडे बांधणाऱ्याला विका. १९९५च्या वारसा नियमांनी जुन्या इमारतींनाही तो लाभ दिला. महाराष्ट्रात या विषयावरचे सर्वात मोठे भांडण पुण्याचे. १९९७मध्ये पालिकेत आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जैववैविध्य उद्यान आखले गेले. मालकांना काय द्यायचे यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१५मध्ये सरकारने आठ टक्के टीडीआर ठरवला. मालकांना तो थट्टा वाटला; टेकड्या वाचवू पाहणाऱ्यांना कायद्याने मिळवलेला विजय. मला एवढेच दिसते की आठ हा आकडा बाजारातून निघालेला नाही, तो ओढाताणीतून निघालेला आहे. तरीही पुण्यात त्या आठ टक्क्यांना गिऱ्हाईक आहे, कारण तेथे जादा मजल्यासाठी पैसे मोजणारा बांधकामवाला आहे. लोणारला जेथे मूळ चटईक्षेत्रच पुरून उरते, तेथे असला कागद घेणार कोण? मोठ्या शहराचे औषध तालुक्याच्या गावाला लागू पडत नाही, ते या कारणाने. २०२०च्या डिसेंबरपासून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली, टीडीआरची कलमेही आली. पण नियम पाठवता येतो, गिऱ्हाईक पाठवता येत नाही.

आपली न्यायालये काय म्हणतात? भूसंपादनात जमिनीची सुप्त शक्यता धरावी, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३९मध्येच विशाखापट्टणमच्या प्रकरणात सांगितले होते. बंदराजवळच्या त्या जमिनीत झरा होता. त्याचे पाणी विकत घेईल असा ग्राहक बंदर हाच एक होता. तरी न्यायालय म्हणाले की त्या शक्यतेची किंमत द्या. स्वातंत्र्यानंतर घटनेतल्या भरपाईच्या हक्काला दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. १९७१मध्ये तर ‘भरपाई’ हा शब्द काढून ‘रक्कम’ घातला गेला. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून गेली आणि ३००-अ कलमात येऊन बसली. २००५मध्ये पुण्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी जमिनीवर बाग दाखवता येते, पण जमीन संपादन न करता मालकाला बांधण्यापासून रोखून धरता येत नाही. २०११मध्ये कर्नाटकातल्या रोरिक इस्टेटच्या खटल्यात घटनापीठ म्हणाले की शून्य भरपाई द्यायची असेल तर सरकारला तिचे समर्थन करावे लागेल.

नगररचनेच्या आरक्षणात अडकलेल्या मालकाला १९६६च्या कायद्याचे १२७वे कलम तरी आहे : दहा वर्षे जमीन घेतली नाही तर नोटीस द्या, तरीही मुदतीत घेतली नाही तर आरक्षण सुटते. स्मारकाच्या पट्ट्याला असा शेवटचा दिवस नाही. अभयारण्याचीही तीच तऱ्हा. वन्यजीव कायद्यात अभयारण्याच्या आतल्या जमिनीवर कुणाचे काय हक्क आहेत याची कलेक्टरने चौकशी करायची, जाहीरनामा काढायचा, दावे ऐकायचे, हक्क संपादन करायचे किंवा चालू ठेवायचे, असा चांगला तपशीलवार क्रम आहे. हद्दीच्या बाहेरच्या पट्ट्याला तो क्रम लागू नाही. आमच्या जिल्ह्यात ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार अशी तीन अभयारण्ये. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी देशभर अशा वनांभोवती किमान एक किलोमीटर पट्टा ठेवून त्यात नवे पक्के बांधकाम नको असे सांगितले, आणि २६ एप्रिल २०२३ रोजी तो आदेश सौम्य केला. अकरा महिन्यांच्या आत हक्क गेला आणि बराचसा परत आला. त्या काळात ज्याने मुलीच्या लग्नासाठी पट्ट्यातले वावर विकले असेल त्याचे नुकसान कायमचे झाले, आणि त्याला ते कुठल्याच कागदाने दाखवता येणार नाही. २०२०मध्ये लोणार सरोवर रामसर यादीत गेले, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पाणथळांच्या २०१७च्या नियमांनी सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटर पक्के बांधकाम नको म्हटले आहे, ते विवराच्या आत योग्यच आहे. मी संरक्षणाच्या विरुद्ध नाही. दैत्यसूदनाच्या कोरीव भिंतीशेजारी तीन मजली लॉज उभे राहावे असे कुणाला वाटत असेल तर त्याने हा लेख येथेच ठेवावा.

किंमत काढायची तर मुल्यांकनकाराची रीत साधी आहे : पट्ट्यातल्या जमिनीचा मनाईपूर्वीचा भाव आणि नंतरचा भाव. दोन्हींसाठी खरेदीखते लागतात. दुय्यम निबंधकाकडची सूची दोन चाळली की व्यवहार सापडतात. पण मनाईनंतर पट्ट्यात कुणी घेतच नसेल तर खत होत नाही, आणि खत नाही म्हणजे पडलेला भाव सिद्ध होत नाही. जे खत होते त्यात मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दरापेक्षा कमी रक्कम चालत नाही, म्हणून कागदावर भाव पडलेला दिसतही नाही. त्यात आणखी एक अडचण : मनाई झाली कधी? १९९२ला, की २०१०ला? अधिसूचना राजपत्रात निघाली, पण पट्ट्यातल्या कुठल्या गटाला ती लागू आहे हे त्या गटाच्या उताऱ्यावर कधी लिहिले गेले? तारीख नसेल तर आधी आणि नंतर या शब्दांना अर्थ राहत नाही.

म्हणून माझी मागणी कोटींची नाही. मातीच्या घराच्या बाबतीत हिशोब तरंगता नाही. घर होते, माणसे राहत होती, बसले तर तेथे पुन्हा उभे राहणार नाही. त्याला तेवढेच घर गावात दुसरीकडे द्या, किंवा तेवढ्या घराचा आजचा खर्च आणि जागेची किंमत द्या. येथे अंदाजाला जागा नाही आणि २७व्या कलमातला नुकसान हा शब्द पुरेसा आहे. गावठाणालगतच्या वावरांना ४२-ड कलमाने सरकारनेच बांधण्यालायक मानले आहे. तेथे अकृषिक रकमेसाठी जे मोल सरकार घेताना धरते, तेच देताना धरावे. त्यातही दहा एकरांची गरज शंभरांत वाटली जाईल, हे मालकांनी मान्य करायला हवे. दूरच्या वावरांना मी काही मागणार नाही. तेथे काळीची पांढरी होण्याची आशा होती, हक्क नव्हता.

आणि या सगळ्याच्या आधी, ज्या ज्या गटावर आणि मिळकतीवर मनाई आहे त्या उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात ती तारखेसह लिहावी : कोणत्या कायद्याने, कोणत्या दिवसापासून, किती क्षेत्रावर. बँकेचा बोजा आपण लिहितो, कुळाचे नाव लिहितो, विहिरीतला चौथा हिस्सा लिहितो. हे काम मोजणी खात्याच्या नेहमीच्या कामापेक्षा अवघड नाही. यावर आमचे काही पटवारी मित्र म्हणतात की अशी नोंद घेतली तर लोकांना कर्ज मिळणार नाही. खरे आहे. आज ते मिळते, कारण बँकेलाही ठाऊक नसते.

त्या म्हाताऱ्याच्या अर्जात मी शेवटी रक्कम घातली नाही. ‘नोंद घेऊन नुकसान ठरवावे’ असे लिहिले, खाली त्याचा अंगठा घेतला आणि पोच घ्यायला सांगितले. पोच त्याच्याजवळ आहे.